रबाळ्याचे मिस्त्री आणि जुन्या पिकअपचा ब्लॉक

माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा, गोडाऊन कळव्याला. बांबू, पत्रे, खुर्च्या वाहायला मी कायम जुनीच डिझेल पिकअप घेतो. नव्या गाडीच्या हौद्यात लोखंडी पाइप आपटायला माझं काळीज होत नाही. यंदा गणपतीच्या आधी आणखी एक गाडी हवी होती, म्हणून रबाळे एमआयडीसीतल्या एका मशिनिंग वर्कशॉपच्या मिस्त्रींना सोबत नेलं. ठाणे-बेलापूर रोडवरून आत वळलं की लेथ, बोअरिंग, हेड फेसिंग अशी कामं करणाऱ्यांची जी गल्ली लागते, तिथलेच हे. गाडी जिथे उभी असेल तिथे येऊन इंजिन तपासायचे अडीच हजार घेतात. एवढे पैसे नुसतं बघायला? असं आमच्या हिनेही विचारलं होतं. पण जुन्या गाडीचे टायर, पाटे, चॅसी सगळे बघतात, ब्लॉककडे, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनच्या मुख्य ओतीव भागाकडे, वाकून कोणी बघत नाही. ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, उडालं तर काम निघतं नि मिटतं. बिडाच्या ब्लॉकला तडा गेला की गाडी भंगारच्या भावाकडे सरकायला लागते.

पहिली गाडी शिळफाट्याच्या पुढच्या एका यार्डात होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, दोष कंपनीचा नव्हताच. मिस्त्रींनी आदल्या दिवशीच बजावलं होतं की रात्रीपासून चावी लावायची नाही, इंजिन थंड पाहिजे. आम्ही पोचलो तर बॉनेट गरम. एजंट म्हणाला, "सकाळी जागेवरून हलवली फक्त." मिस्त्रींनी वाद घातला नाही. मला म्हणाले, "शेठ, चला, नाश्ता करून येऊ." चांगला दीड तास घालवला. तापलेल्या इंजिनचं झाकण उघडणं धोक्याचं तर असतंच, शिवाय त्यावर बाहेर आलेला पाण्याचा थेंब दिसायच्या आत सुकून जातो.

थंड झाल्यावर आधी रेडिएटरचं झाकण. आत कूलंट नाहीच, विटकरी रंगाचं साधं पाणी. ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं. ताकासारखा फेस नव्हता, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलेलं नव्हतं, त्यावर एजंटचा चेहरा उजळला. मग मिस्त्री बॅटरी आणि दाढीचा छोटा आरसा घेऊन खाली शिरले. ब्लॉकच्या कडेला गोल पत्र्याचे कोअर प्लग असतात, त्या ओळीच्या खाली तळहाताएवढ्या जागेवर चंदेरी रंग नवा होता. बाकी सगळं इंजिन काळंकुट्ट, तेवढाच तुकडा नटलेला. थिनरचं फडकं फिरवलं तर खाली करडी लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लेप, निघाली. एजंटचं उत्तर तयार होतं: "ते कंपनी फिनिशिंग आहे."

त्यानंतर रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून जवळपास एक बारपर्यंत दाब भरला, म्हणजे झाकणाला जेवढा सोसतो तेवढाच. काटा हळूहळू खाली यायला लागला, आणि लांबीच्या कडेला ओल धरली. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण माणूस हट्टी. दाब सोडला, जागा सुकवली, लांबी खरवडली आणि तीन फवारे काढले. पहिला साफ करायचा, दुसरा लाल रंगाचा. लाल थोडा वेळ मुरू दिला, वरचा पुसला आणि तिसरा पांढरा मारला. भेगेत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटून आला. आडवी, बारीक, वीतभर रेघ. एजंट फोनवर बोलत लांब गेला तो परत आलाच नाही.

माझा पुतण्या अमेरिकन गाड्यांचे व्हिडिओ बघत असतो. परतताना त्याने विचारलं, "काका, तिकडे ब्लॉकवरच्या आकड्यावरून ओळखतात, मग आपल्याकडे का नाही?" ते खरं आहे. तिकडच्या डॉज रॅम पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं, २४ व्हॉल्व्हचं इंजिन येत असे. १९९९ ते २००१ च्या आसपासच्या काही ब्लॉकवर ओतकामातच ५३ हा आकडा आलेला आहे. ब्राझीलच्या टुपी फाउंड्रीतले हे ब्लॉक. त्यांच्या पाण्याच्या कप्प्याची भिंत पातळ, आणि भेग साधारण कोअर प्लगच्या खाली आडवी जाते. त्यामुळे तिथला गिऱ्हाईक आधी बॅटरी मारून आकडा वाचतो. ५३ दिसला की भाव पाडतो, नाहीतर सोडून देतो. प्रत्येक ५३ फुटतोच असंही नाही.

मिस्त्रींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इथे आकडा नाही, मालक वाचायचा." त्यांचं म्हणणं मला पटलं. आपल्याकडे पाणी गोठून ब्लॉक फुटत नाही. बोअरवेलचं खारं पाणी ओतत राहायचं, मग आत क्षार साचतात आणि बीड गंजतं. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार पाणी सोडणारी झडप, काढून फेकायचा. दुप्पट माल भरून कसारा घाट चढवायचा आणि वर पोचल्यावर लाल झालेल्या इंजिनमध्ये गार पाण्याची बादली. एवढं केल्यावर कुठलाही ब्लॉक तडकेल.

दुसरी गाडी वागळे इस्टेटला मिळाली, एमएच ०४ पासिंगची बोलेरो पिकअप, २५२३ सीसी. आधीचा मालक दूधवाला. रेडिएटरमध्ये हिरवं कूलंट, दाब भरल्यावर काटा जागचा हलला नाही. निळ्या औषधाची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून इंजिन चालू ठेवलं. जळालेला वायू पाण्यात येत असता तर निळा रंग पिवळट-हिरवा झाला असता, तो निळाच राहिला. ब्लॉकवरचा इंजिन नंबर घासून पुसून आरसीशी ताडला. हे फार जणांना सुचत नाही. ब्लॉक बदललेला असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर गाडी नावावर करताना आरटीओत अडकता. ती गाडी घेतली, गणपतीत जोरात चालली.

आता तक्रारी. मिस्त्री फोन उचलत नाहीत, दुकानात जाऊनच वेळ ठरवावी लागते. रिपोर्ट म्हणजे वहीचं फाडलेलं अर्धं पान, त्यावर "ब्लॉक ओके, वॉ. पंप बघणे" (म्हणजे वॉटर पंप) एवढंच. पक्कं बिल मागितल्यावर चेहरा पडतो. आणि एक मर्यादा ते स्वतःच आधी सांगतात: सिलिंडरच्या आतल्या बाजूची केसासारखी भेग अशा वरवरच्या तपासणीत सुटू शकते. तिच्यासाठी इंजिन उतरवून, ब्लॉकची सगळी भोकं रबर लावलेल्या पाट्यांनी बंद करून, गरम पाण्याच्या टाकीत बुडवून हवा भरावी लागते. ते काम त्यांच्याकडे होतं, पण न विकत घेतलेल्या गाडीचं इंजिन कोण उतरवू देणार?

पाचपैकी चार तारे, एक पक्क्या बिलासाठी कापला. जाणार असाल तर आरसीची झेरॉक्स न्या आणि सकाळची वेळ घ्या. दुपारनंतर टाकीचं काम चालू झालं की ते कोणासाठीही बाहेर निघत नाहीत.