न्यूमोनियाची लस: तेवीसवाली की वीसवाली?

घरातल्या साठी-पासष्टी ओलांडलेल्या माणसाला न्यूमोकॉकसची, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूविरुद्धची, लस द्यायची, हे तुमचं ठरलंय असं धरून चालतो. कुठली, एवढंच ठरवायचंय. तेवीस, वीस हे आकडे म्हणजे लस त्या जिवाणूच्या किती प्रकारांवर चालते ते. बाबांना काही वर्षांपूर्वी आम्ही आधी १३वाली आणि मग २३वाली दिली, कारण तेव्हा तीच रीत होती. आईला अलीकडे २०वाली दिली. आता शेजारीपाजारी कोणी विचारलं की मी काय सांगतो, ते इथे लिहितोय. औषधाचा निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा.

आधी आकड्यांचं. २३ हा २० पेक्षा मोठा, म्हणून ती लस सरस असं वाटणं स्वाभाविक आहे. यादी लावून पाहिली तर तसं दिसतंही: २, ९एन, १७एफ आणि २० या नावांचे चार प्रकार फक्त २३वालीत आहेत, आणि ६ए तेवढा फक्त २०वालीत. पण न्यूमोकॉकसचे प्रकार शंभराहून जास्त आहेत. यादीत चार कमी की जास्त यापेक्षा शरीर ती लस किती लक्षात ठेवतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

२३वाली जुनी आणि जाणती लस. रॉबर्ट ऑस्ट्रियन यांनी १९७०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींतल्या कामगारांवर तिची आधीची रूपं तपासली. १९७७मध्ये १४ प्रकारांची लस आली, १९८३मध्ये २३ प्रकारांची. तिच्यात जिवाणूच्या कवचातली नुसती शर्करा असते. अशा शर्करेला शरीर उत्तर देतं खरं, पण त्यात टी-पेशी, म्हणजे रोगाची आठवण पक्की करणाऱ्या पांढऱ्या पेशी, जवळजवळ उतरतच नाहीत. म्हणून स्मृती तयार होत नाही आणि काही वर्षांत प्रतिपिंडं (जंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिनं) ओसरतात. जंतू रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरू नयेत यासाठी ती उपयोगी पडते. पण फुप्फुसापुरत्या न्यूमोनियाबाबत तिचे पुरावे उलटसुलट आहेत, आणि आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत भीती असते ती त्याचीच.

२०वालीत तीच शर्करा घटसर्पाच्या विषाचं निरुपद्रवी रूप असलेल्या एका प्रथिनाला जोडलेली असते. प्रथिन दिसलं की टी-पेशी जाग्या होतात आणि स्मृती राहते. हिच्या आधीच्या १३वालीची नेदरलँड्समध्ये पासष्टीपुढच्या सुमारे ८४,५०० लोकांवर चाचणी झाली. २०१५मध्ये आलेल्या निष्कर्षांत लशीतल्या प्रकारांचा न्यूमोनिया सुमारे ४६ टक्क्यांनी आणि रक्तात शिरणारा आजार ७५ टक्क्यांनी कमी दिसला. २०वालीला मात्र प्रौढांसाठी मान्यता मिळाली ती प्रतिपिंडांच्या मोजमापावर, आणि प्रकार ८च्या बाबतीत ती २३वालीच्या थोडी मागेच पडली. हे माहीत असूनही माझा कल तिच्याकडेच आहे.

त्याचं खरं कारण प्रयोगशाळेत नाही, ते मधल्या एका वर्षात आहे. १३ दिल्यावर २३ साधारण वर्षाने द्यायची. ऐकायला सोपं. पण मुंबईत ते वर्ष कोण सांभाळणार? आमच्या नेहमीच्या दवाखान्यात पहिल्या लशीची नोंद सापडेना. डॉक्टर म्हणाले, “लस तुम्हीच घेऊन या, मी टोचतो.” मग परळपासून मुलुंडपर्यंत केमिस्टना फोन. एकाकडे स्टॉक नाही, दुसरा म्हणे मागवून देतो पण पैसे आधी भरा, तिसऱ्याकडे होती तर बाबांना सर्दी-ताप. शेवटी दादरहून थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये लस ठेवून लोकलने आणली. संध्याकाळच्या गर्दीत डबा छातीशी धरून उभा होतो आणि मनात एकच धाकधूक, आतलं थंड राहिलंय ना. बाबा गुडघ्यांनी बेजार, जिने उतरायला नाखूश. “एकदा घेतली ना रे, पुन्हा कशाला?” या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे बरोबर उत्तर होतं, पण पटेल असं नव्हतं.

२०वालीला ही दुसरी फेरी नाही. एक डोस आणि झालं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या शिफारशीतही त्यानंतर २३ची गरज सांगितलेली नाही. भारतात ती प्रौढांसाठी २०२५ साली आली. किंमत २३पेक्षा जास्त आहे, हे खरंच. हात आखडता असेल तर २३ घेणं काहीच न घेण्यापेक्षा कितीतरी बरं. पण दुसरी फेरी, रजा, रिक्षा आणि राहूनच जाण्याची शक्यता हिशेबात धरली, तर फरक आमच्या घरी तरी बराच कमी झाला.

आधी काही घेतलं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. नुसती १३ किंवा नुसती २३ झाली असेल, तर किमान वर्ष गेल्यावर २० देता येते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांचं वेळापत्रक वेगळं असतं, तिथे माझा अनुभव कामाचा नाही. कुपीवरचं स्टिकर मात्र फाइलमध्ये चिकटवून घ्या.

काहीजण विचारतात, आणखी चांगली येईपर्यंत थांबावं का. संशोधन जोरात चालू आहे हे खरं. लहान मुलांना कॉन्ज्युगेट, म्हणजे १३ किंवा २०वालीसारखी प्रथिनाला जोडलेली, लस मिळू लागली की तिच्यातले प्रकार मागे हटतात आणि लशीबाहेरचे त्यांची जागा घेतात, म्हणून नव्या लशी लागतातच. मोठ्यांमधले प्रकार डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या २१वालीला अमेरिकेत २०२४मध्ये मान्यता मिळाली. ३१ प्रकारांच्या लशीच्या चाचण्या सुरू आहेत, आणि कवच कुठलंही असो, सगळ्या प्रकारांत सारखी असणारी प्रथिनं वापरायचेही प्रयत्न चालू आहेत. त्यातली एखादी यशस्वी व्हावी, असं मला मनापासून वाटतं. पण आई सत्तरीपुढची, दम्याची, आणि पावसाळा तोंडावर आलेला. मी थांबलो नाही.