दहा भोकांचा माउथ ऑर्गन: काही महिने वाजवल्यावर

सी स्केलचा साधा डायटॉनिक (एकाच स्केलचे सूर असलेला) माउथ ऑर्गन काही महिने जवळजवळ रोज वाजवतोय. आधी कुठलंच वाद्य येत नव्हतं, सरगम तेवढी ठाऊक होती. तितक्या तयारीवर हे वाद्य जमतं.

सुरुवात पहिल्या भोकापासून करू नका. खालच्या सप्तकात म आणि ध सरळ फुंकून किंवा श्वास ओढून येतच नाहीत. डावीकडे साथीचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजावेत म्हणून रिक्टर नावाच्या या सूरमांडणीत ते गाळलेले आहेत. पूर्ण सप्तक मिळतं ते चार ते सात या भोकांत. चार फुंकून सा, ओढून रे. पाच फुंकून ग, ओढून म. सहा फुंकून प, ओढून ध. सातवर क्रम उलटतो: आधी ओढून नी, मग फुंकून वरचा सा. म्हणजे ध आणि नी लागोपाठ ओढायचे. सगळी घसरगुंडी इथेच होते. मी बरेच दिवस फक्त ध-नी-सां घोळवलं, मग गाणी पुढे सरकली.

शेजारचं भोक न वाजवता एकच सूर काढणं काही आठवड्यांत जमतं. वाद्य ओठांच्या टोकावर टेकवू नका, चांगलं आत घ्या आणि ओठांचा चंबू सैल ठेवा. दुसऱ्या भोकाचा ओढायचा सूर मात्र फार छळतो. आधी नुसता घुसमटलेला आवाज येतो आणि पत्तीच (आतली थरथरून सूर देणारी धातूची पट्टी) खराब आहे असं वाटतं. बहुतेक वेळा पत्ती ठीक असते. जबडा सोडून पोटातून हळू श्वास घेतला की सूर उघडतो.

मला खरी मजा आली ती वेगळ्याच गोष्टीत. चार फुंकून सा धरला तर सगळे शुद्ध सूर, म्हणजे बिलावल थाट. त्याच वाद्यावर चार ओढून येणारा सूर सा मानला आणि आठव्या भोकापर्यंत चढत गेलं, की ग आणि नी कोमल लागतात: काफी थाट, तोही एकही सूर न वाकवता (म्हणजे श्वास आणि तोंडाच्या आकाराने सूर खाली न उतरवता)! हे बहुतेक नवशिक्यांना कुणी सांगत नाही.

सूर वाकवणं, म्हणजे बेंडिंग, माझं अजून अर्धवटच आहे. ओढताना एक, दोन, तीन, चार आणि सहा या भोकांवर ते होतं. चारवर लवकर सापडलं, तीनवर अजून नेम नाही.

घेताना प्लॅस्टिकचा कोम्ब (comb, म्हणजे भोकांच्या खाचा असलेला मधला भाग) असलेला घ्या. साधं लाकूड ओलाव्याने फुगतं. हवा गळणाऱ्या अगदी स्वस्त वाद्यावर बेंडिंग शिकायला जाऊ नका, दम फुकट जातो. दुहेरी पत्त्यांचा ट्रेमोलो ऐकायला गोड असतो, पण बेंडिंगसाठी कामाचा नाही. कोमल-तीव्र सूर भरपूर असलेली गाणीच वाजवायची असतील तर बटणाचा क्रोमॅटिक घ्या. महाग पडतो, पण बारा स्वर सरळ मिळतात. खाल्ल्यावर चूळ भरून मगच वाजवा, आणि झाल्यावर भोकं खाली करून तळहातावर हलके आपटा, थुंकी निघून जाते.

वरच्या तीन भोकांकडे मी अजून फारसा वळलेलो नाही. तिथे फुंकर अगदी हलकी लागते, आणि त्या सप्तकात नी नाही.