जुनी यूट की नवी? आणि वर्कशॉपची हत्यारं कुठली जुनी घ्यावीत?

ऑस्ट्रेलियात गावाबाहेर चार एकर घेतले, कुंपणाची, ट्रेलरची कामं मागे लागली की हा प्रश्न येतोच. गेल्या दहा वर्षांतली कॉमन रेल (म्हणजे संगणकाने चालणारं, फार जास्त दाबाचं डिझेल इंजेक्शन) डिझेल यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, घ्यावी, की पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची, साध्या यांत्रिक पंपावर चालणारी? मी दोन्ही कामाला वापरल्यात आणि दोन्हींच्या खाली झोपून पाने फिरवलेत. जुन्या गाड्याही बिघडतात, कधीकधी नव्यांपेक्षा जास्त. पण त्या दुरुस्तीला दाद देतात, आणि म्हणूनच आजही शेतात, खाणीवर, कच्च्या रस्त्यांवर दिसतात. ज्याला दुरुस्ती करायचीच नाही, त्याने हा नाद करू नये.

आधी इंजिन. जुन्यांमध्ये दोन नावं सगळीकडे ऐकू येतील: टोयोटाचं 1एचझेड आणि निसानचं टीडी42. दोन्ही 4.2 लिटर, सहा सिलिंडर, इनडायरेक्ट इंजेक्शन (डिझेल आधी सिलिंडरला जोडलेल्या छोट्या कप्प्यात फवारलं जातं). पहिलं लँडक्रूझरच्या 75, 80 आणि 105 सिरीजमध्ये आणि 2007 पर्यंतच्या 79 मध्ये मिळतं, दुसरं जीक्यू आणि जीयू या पिढ्यांच्या पॅट्रोलमध्ये. टर्बो नसताना दोन्ही 100 किलोवॅटच्या आतच राहतात. टोयोटाची 2020 नंतरची 2.8 लिटरची हायलक्स 150 किलोवॅट देते. म्हणजे एवढं मोठं ओतीव लोखंड आणि त्याच्याकडून एवढंसंच काम, टिकण्याचं मूळ कारण हेच. ट्रेलर लावून घाट चढताना मागे गाड्यांची रांग लागते, हे मात्र मनाशी धरूनच घ्या.

दोघांत निवडायचं तर टीडी42 चं टायमिंग गिअरवर आहे, बेल्टची भानगडच नाही. 1एचझेडला बेल्ट आहे आणि तो साधारण लाखभर किलोमीटरला बदलावा. बदलल्याची पावती विकणाऱ्याकडे नसेल तर बदललेलाच नाही असं धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा.

पण जुनं ते सगळं टिकाऊ, असं नाही. पॅट्रोलमध्येच 2000 च्या सुमारास 3.0 लिटरचं झेडडी30 आलं. त्यातल्या सुरुवातीच्या इंजिनांचे पिस्टन जळायचे, लोकांनी त्याचं नाव ‘हँडग्रेनेड’ ठेवलं होतं. दोन गाड्या बाहेरून सारख्या दिसतात. बॉनेट उघडून सिलिंडर मोजा: चार असतील तर ते झेडडी30.

आता नवीन बाजू. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. इंजेक्टरची भोकं अतिशय बारीक. कॅनमधलं पाणी मिसळलेलं डिझेल एकदा जरी टाकीत गेलं, तरी पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळा संच बदलायची वेळ येऊ शकते. पाण्याने जुना पंपही खराब होतो, पण तो जवळच्या डिझेल दुकानात उघडून नीट करता येतो. 2005 ते 2015 मधली 3.0 लिटरची हायलक्स बघत असाल तर इंजेक्टरच्या तांब्याच्या सीलबद्दल नक्की विचारा. ते गळले की काजळी तेलात उतरते, इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्यातली जाळी बुजते आणि इंजिन तेलाविना कोरडं पडतं. वेळेवर सील बदललेली गाडी चांगली चालते.

नोव्हेंबर 2016 पासून इथे सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना युरो 5, म्हणजे धुराच्या प्रदूषणाची मर्यादा, लागू झालं. त्यामुळे डिझेल यूटला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आला. हायवेवर रोज तासभर चालणाऱ्या गाडीला त्याचा त्रास नाही, तो तापतो आणि काजळी जाळून टाकतो. पण घर ते गोठा, गोठा ते फाटक अशा दुसऱ्या गिअरमधल्या फेऱ्यांत तो कधी पुरेसा तापतच नाही आणि काजळी साठत जाते. तुमची गाडी दिवसभर अशीच फिरणार असेल, तर याच एका कारणासाठी मी जुनी गाडी सुचवेन.

किलोमीटर बघून गाडी ठरवू नका. मी एकदा दोन यूट एकाच दिवशी पाहिल्या. एक आतल्या कोरड्या भागातली, साडेचार लाख किलोमीटर झालेली. डॅशबोर्डखाली हात घातला की लाल धूळ बोटांना लागायची. दुसरी दोन लाखांची, रंग चकचकीत, मालक समुद्रावर मासे धरायला जायचा. दुसरीच्या मागच्या चाकाच्या वर, चेसिसच्या डब्यात, मी स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटली. पुढच्या भागात ‘ठण’ असा आवाज होता, तिथे ‘थप’ आला. टोक जरा दाबलं तर पापुद्रा सुटला आणि आतून ओलसर, खारट चिखल गळला. चेसिसच्या पोकळीत बसलेलं मीठ बाहेरून धुवून निघत नाही. मी साडेचार लाखांची घेतली. तेलगळतीवर दोन शनिवार गेले, चेसिसला मात्र आजवर काही करावं लागलेलं नाही.

लँडक्रूझरच्या 75 मध्ये छताची पन्हाळ आणि पुढच्या काचेची चौकट बघा, काचेचा रबर उचलून बघा. तिथे फुगलेला रंग दिसला तर खाली त्याहून जास्त गंज असतो.

नव्या डबल कॅबचं (चार दारांच्या यूटचं) दुखणं वेगळं. 3,500 किलो ओढायची परवानगी कागदावर असते, म्हणून लोक जड कॅरॅव्हॅन लावतात, मागच्या स्प्रिंगना आधार म्हणून हवेच्या पिशव्या बसवतात, आणि सगळं वजन मागच्या अॅक्सलच्याही मागे लटकतं. मग चेसिस कॅब आणि ट्रेच्या मधे वाकते. सेकंडहँड डबल कॅब घेताना बाजूला उभं राहून ती फट बघा: वर आणि खाली सारखी आहे का.

पुढचा अॅक्सल हाही मोठा फरक. 1997 पर्यंतची फोर-व्हील ड्राइव्ह हायलक्स पुढे सॉलिड अॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच आस) आणि पाट्यांवर होती, त्यानंतर टॉर्शन बार, म्हणजे पिळल्या जाणाऱ्या दांड्यांचं स्प्रिंग, आला. जुनी बसायला दणकट आणि हाडं खिळखिळी करणारी, पण ओझ्याखाली आणि खडकांत निवांत. सॉलिड अॅक्सलच्या गाडीत चाकाच्या आतला स्विव्हल हबचा गोळा पुसून बघा. त्यावर ग्रीसऐवजी पातळ तेल ओघळत असेल तर आतला सील गेलाय. किट मिळतं, एका दिवसाचं घाणेरडं काम आहे, घाबरायचं कारण नाही.

एका ठिकाणी मात्र नवीन गाडी निर्विवाद पुढे आहे. जुन्या बहुतेक यूटमध्ये एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा नाही. 79 च्या सिंगल कॅबला अपघात-सुरक्षेच्या चाचणीत पाच स्टार मिळाले तेच 2016 मध्ये. मुलं रोज त्याच गाडीत बसणार असतील, तर नवीन घ्या आणि डीपीएफचा खर्च सोसा. ह्यावर मला वाद घालायचा नाही.

आणखी एक धोका फार कमी लोकांना माहीत असतो. ऑस्ट्रेलियात अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी 31 डिसेंबर 2003 ला आली. त्याआधीच्या गाडीत ब्रेक लायनिंग, क्लच प्लेट, गॅस्केट यात ते असू शकतं. ड्रम उघडून हवेच्या नळीने धूळ उडवू नका. पाणी फवारून ओली करा, पुसा, फडकं पिशवीत बंद करा.

कागद थोडक्यात: 2 डॉलर भरून पीपीएसआर, म्हणजे तारण-कर्जांची सरकारी नोंदवही, तपासा. गाडीवर कर्ज, चोरी, राइट-ऑफ सगळं कळतं. व्हिक्टोरियात रोडवर्दी, न्यू साउथ वेल्समध्ये पिंक स्लिप, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा तपासणी-दाखला, ताजा हवा.

हत्यारांत निवड सोपी आहे. व्हाइस (बाकावर बसवायचा शिकंजा) जुना घ्या, डोळे झाकून नाही, पण आधी जुनाच शोधा. मेलबर्नच्या डॉन कंपनीचे जुने व्हाइस शेतावरच्या लिलावांत अजून मिळतात. ऑफसेट प्रकारात जबडे एका बाजूला असतात, त्यामुळे लांब पाइप उभा धरला तरी खाली बाकाला अडत नाही. स्क्रू फिरवा, पुढचा जबडा हलवून खेळ बघा, आणि ओतीव भागावर पितळी रंगाची रेघ दिसली तर तो कधीतरी फुटून जोडलेला आहे, सोडून द्या. झिजलेले जबडे आणि नट बदलता येतात.

वेल्डरमध्ये पुन्हा डिझेलचीच गोष्ट. जुना ट्रान्सफॉर्मर म्हणजे तांब्याची गुंडाळी आणि लोखंड, बिघडायला फारसं काही नाही, पण उचलताना कंबर धरते. इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारा इन्व्हर्टर वेल्डर एका हातात मावतो आणि पातळ पत्र्यावर कितीतरी चांगला चालतो. धूळ मात्र त्याच्या सर्किटला सोसत नाही. उघड्या शेडमध्ये ट्रान्सफॉर्मर, बंद गॅरेजमध्ये इन्व्हर्टर.

अँगल ग्राइंडर नवाच घ्या. हात सुटला की बंद होणारा स्विच आणि चाक अडकल्यावर थांबणारी यंत्रणा जुन्यांत नसते. कॉर्डलेसमध्ये जुनं घेऊच नका, बॅटरी मिळेनाशी झाली की मशीन निकामी.

एअर कॉम्प्रेसरचा जुना ओतीव पंप उत्तम, पण त्याखालची टाकी आतून गंजते आणि ते बाहेरून दिसत नाही. तळाचा ड्रेन उघडून बघा. लालसर पाणी आणि पापुद्रे आले, तर पंप काढून घ्या आणि टाकी भंगारात द्या.

पान्यांचे जुने संच घेताना आकडे वाचा. इथे मेट्रिक 1970 च्या दशकात आलं, त्याआधीचे पाने इंचातले. जुन्या होल्डनला ते हवेतच, पण हायलक्स-लँडक्रूझरच्या नटांवर ते सैल बसतात आणि नटाचे कोपरे गोल करून टाकतात.