दहा हजार ल्युमेनची बॅटरी आणि मी वायरमन

4,596 रुपये चार बॅटऱ्यांचे, 99 डिलिव्हरीचे आणि 340 निव्वळ माझ्या गाढवपणाचे. एकूण 5,035. आकडा फार मोठा नाही, हे पोलिसांनीही मला सांगून झालंय. पण मी आयटीआयचा वायरमन आहे, बावीस वर्षं मोटारी जोडतोय, आणि मला गंडवलं ते ल्युमेनच्या, म्हणजे उजेडाच्या मापाच्या, आकड्यावर. म्हणून जास्त झोंबतं.

आमचा प्रवरेकाठचा ऊसपट्टा. शेतीची थ्री-फेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीचं भरणं, म्हणजे उसाला पाणी देणं, म्हटलं की हातात बॅटरी लागतेच. उसात बिबट्या, बांधावर घोणस. त्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीवरची शेळी गेली, माझ्या जुन्या बॅटरीचं बटण बसलं आणि सोमवारपासून रात्रीची पाळी लागणार होती. नेमकी तेव्हाच मोबाईलवर जाहिरात: मिलिटरी बॅटरी, 10000 ल्युमेन, 2 किलोमीटर फोकस, 9900 एमएएच सेल (एमएएच म्हणजे सेलात किती वीज मावते ते), फक्त 1,149. व्हिडिओत एक जण या डोंगरावरून त्या डोंगरावर उजेड पाडतोय. बरं, एक घेऊन गप्प बसावं ना! एक मला, एक दाजींना, दोन शेजाऱ्यांना. ‘माझ्यावर सोडा, मला त्यातलं कळतं,’ असंही वर म्हणालो होतो.

जे कळतं ते असं. घरातला 9 वॅटचा एलईडी बल्ब 800-900 ल्युमेन देतो. 10000 म्हणजे असे अकरा-बारा बल्ब एका मुठीत, त्याला शंभरेक वॅट लागणार. आत असतो 18650 सेल, 18 मिलिमीटर जाड आणि 65 लांब. चांगल्यातल्या चांगल्या कंपनीचा घेतला तरी तो 3500 एमएएचच्या आसपास थांबतो. 3.7 व्होल्टने गुणा, झाले 13 वॅट-तास. म्हणजे आठ मिनिटांत सेल रिकामा आणि तोवर हात भाजलेला. या मापाच्या सेलवर 9900 लिहिलेलं दिसलं की पुढची किंमत वाचूसुद्धा नका. हा हिशेब मी पोरांना तोंडी शिकवतो आणि स्वतःच्या वेळी केला नाही.

तरी तेही माफ. खरी माती खाल्ली ती दारात. डिलिव्हरीवाला म्हणाला, आधी पैसे, मग खोलून बघा. मी बॉक्स हातात घेतला तर हात भसकन वर गेला. चार बॅटऱ्या, चार सेल, आणि वजन बिस्किटाच्या पुड्यांइतकं. ‘हलकं लागतंय’ हे शब्द डोक्यात आले, अगदी असेच आले. बॉक्सवर आयात करणाऱ्याचं नाव नाही, एमआरपी नाही, कुठल्या देशात बनवलं ते नाही, नुसता एका गोदामाचा पत्ता. हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे, हेही मला माहीत. पण पोराला चहा विचारून झाला होता, बायको ओट्यावरून बघत होती, आता नको कसं म्हणायचं? मोजले 4,695. नको म्हणायला एक पैसा लागत नव्हता.

पहिल्या रात्री दहा मिनिटं झकास. बाविसाव्या मिनिटाला विहिरीच्या कठड्याशी उजेड मिणमिणायला लागला. वाढवायला बटण दाबलं तर लुकलुकायला लागली, परत दाबलं तर एसओएस, म्हणजे मदतीच्या इशाऱ्याची उघडझाप. पाटाच्या कडेला काहीतरी सळसळतंय आणि मी हातात दिवाळी घेऊन उभा! ज्या बॅटरीत पेटव-विझव करायला चार वेळा बटण दाबावं लागतं ती शेतात नेऊ नका.

सकाळी तो सेल सोनाराच्या काट्यावर ठेवला: 24 ग्रॅम. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधला माझ्याकडचा अस्सल सेल 45 ग्रॅम भरला. सोनार म्हणतो, ‘काय हो, सेलात सोनं आहे का?’ हसलो, काय करणार. आत काय भरलंय ते फोडून पाहिलं नाही. तुम्हीही पाहू नका, लिथियमचा सेल फोडला तर पेट घेऊ शकतो.

बॉक्समधल्या चिठ्ठीवरच्या नंबरवर फोन केला. बाई इतकी गोड बोलली! म्हणे पिकअपचे 340 भरा, सगळे एकदमच परत येतील. भरले. त्यानंतर तो नंबर आजतागायत बंद. पैसे परत देणारा आधी पैसे मागत नसतो, हे मला आमच्या बारावीतल्या पोरीने सांगितलं. असं काही झालं तर तासाभराच्या आत 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाईन, लावा. मी लाजेपोटी तिसऱ्या दिवशी लावला.

मग वाऱ्या सुरू झाल्या. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कुठली? मी म्हटलं, पेढे म्हणून शेण दिलं तरी वस्तू मिळालीच की. त्यावर त्यांनी मला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं, दीड तास. शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच दिली नाही. कुरिअरवाला म्हणे आम्ही फक्त हमाल. जिल्ह्याच्या एका ऑफिसात 64 किलोमीटर गेलो, तर खिडकीतला बाबू म्हणाला कंपनी जिथली तिथे जा. अरे बाबा, 2019 च्या ग्राहक कायद्यात राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या मालाला फीसुद्धा नाही! हे मी त्याला सांगायचं? तो म्हणाला, लेखी आणा. लेखी नेलं तर साहेब मीटिंगला. दोन खेपांचं पेट्रोल आणि बुडालेली दोन हजेरी मी 5,035 मध्ये धरलेलीच नाही. पोच मिळाल्याशिवाय कुठल्याही टेबलावर कागद ठेवू नका.

शेजाऱ्यांचे 2,298 माझ्या खिशातून दिले. दाजी पैसे घेत नाहीत, पण प्रत्येक लग्नात ‘आमचे दहा हजार ल्युमेन आले’ म्हणून ओळख करून देतात.

बॅटरी घ्यायचीच असेल तर दुकानात जाऊन, हातात तोलून, बिल घेऊन घ्या. घरात लाईट गेल्यावर पेन्सिल सेलवरची शंभरेक ल्युमेनची पुरते, फक्त महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा, पाझरतात. शेतात 18650 वरची, खरोखरच्या पाचशे-सातशे ल्युमेनची भरपूर झाली. खोक्यावर एएनएसआय एफएल 1 असं छापलंय का बघा, ते बॅटऱ्यांच्या मोजमापाचं अमेरिकन प्रमाण आहे. त्यात उजेड पेटवल्यावर 30 सेकंदांनी मोजायचा असतो, पहिल्या झगमगाटात नाही. पण हेही कुणी खोटं छापणार नाही असं नाही. अंतराचा आकडा तर चांदण्याइतका उजेड उरेपर्यंतचा असतो, तेवढ्या लांबचा बिबट्या काही दिसत नाही.

माझी जुनी बॅटरी 30 रुपयांच्या बटणावर चालू झाली. त्या चार माळ्यावर आहेत, पुरावा म्हणून.

काल तीच जाहिरात परत आली. आता 20000 ल्युमेन, 899 रुपये. खाली आमच्याच गावातल्या एकाने विचारलंय, वस्तीवर डिलिव्हरी मिळेल का. त्याला तीन वेळा फोन लावला, उचलत नाही. भरण्यावर असेल.