गोळ्या घरी की निवासी केंद्रात? दादासाठी केलेली तुलना

मे महिन्यात कौलं परतायला गडी वर चढला आणि वाशाच्या खाचेतून त्याने ओंजळभर गोळ्या खाली दिल्या. पावसाळी दमट हवेने फुगलेल्या, कडा झिजलेल्या. क्लोझापिन, दादाच्या स्किझोफ्रेनियावरचं औषध. आईच्या वहीत मात्र रोज रात्री ‘दिली’ असंच लिहिलेलं. ती खोटं लिहीत नव्हती. ती देत होती, दादा तोंडात टाकत होता आणि पडवीत जाऊन वाशाला खोचत होता.

दादाला स्किझोफ्रेनिया होऊन बरीच वर्षं झाली. आई आता थकली आहे आणि मी नोकरीपायी बाहेर. त्याला गुहागरलाच ठेवायचं की नोंदणी असलेल्या निवासी केंद्रात पाठवायचं, हे ठरवण्यासाठी मी दोन केंद्रं बघून आलो. दोन्हीकडे बाग, भजन, टीव्ही, जेवण दाखवलं. मला बघायची होती औषधांची नोंद.

आधी कायद्याचा फरक. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातले केंद्रांचे नियम घराला लागू होत नाहीत. नातेवाइकांसोबत राहण्याची जागा केंद्राच्या व्याख्येतून स्पष्ट वगळलेली आहे. म्हणजे घरी नर्स तुम्ही, तपासनीसही तुम्हीच. पण मानसिक आजाराच्या माणसांना उपचारासाठी किंवा पुनर्वसनासाठी ठेवून घेणारी जागा, पाटीवर ‘आश्रम’ लिहिलेलं असलं तरी, नोंदणीशिवाय चालवता येत नाही. प्रमाणपत्र मागा आणि ते तात्पुरतं आहे का बघा. तात्पुरत्या नोंदणीची मुदत १२ महिने असते. मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाचा, म्हणजे रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाचा, पत्ता आणि फोन दर्शनी भागात लावलेला हवा. एका केंद्रात तो होता, पण कॅलेंडरच्या मागे.

आता नोंदीकडे. पहिल्या केंद्राचा तक्ता एकदम स्वच्छ. महिनाभराच्या सगळ्या खुणा एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरकेपणात. मी गेलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि रात्री नऊच्या डोसपुढेही बरोबरची खूण होती. दुसऱ्या केंद्रातला तक्ता गिचमिड होता. कुठे लाल पेनाने ‘नाकारली, ९.१०, पुन्हा विचारलं ९.४०, घेतली’, कुठे ‘उलटी, डॉक्टरांना फोन’, कडेला वजन, पोटाचा घेर आणि शौचाचा रकाना. क्लोझापिनने बद्धकोष्ठता होते आणि ती जिवावर बेतू शकते, त्यामुळे त्या रकान्यावर माझा अर्धा निर्णय झाला. घरी आईने हे दादाला कधी विचारलं असतं का? मोठ्या मुलाला असं विचारायचं म्हणजे दोघांनाही लाज.

दादाने गोळी नाकारली तर काय करता, हे मी दोन्हीकडे विचारलं. पहिल्या ठिकाणी हसून उत्तर आलं, ‘चहातून देतो.’ घरोघरी हेच चालतं, आम्हीही एकदा पेजेतून दिलं होतं. पण केंद्रात ते बसत नाही. स्वतःच्या मर्जीने दाखल झालेल्या माणसावर त्याच्या संमतीशिवाय उपचार करता येत नाहीत. स्वतः निर्णय घेता येत नाही म्हणून दुसऱ्याच्या आधाराने दाखल झालेल्या रुग्णाच्या वतीने त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे या कायद्याखाली नेमलेला त्याचा माणूस, संमती देऊ शकतो, पण तात्पुरती. ती लिहून ठेवावी लागते आणि रुग्णाची निर्णयक्षमता पहिल्या तीस दिवसांत दर सात दिवसांनी तपासावी लागते. एकट्याला कोंडून ठेवायला बंदीच आहे. बांधून ठेवलं तर प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं असतं, आणि माणसं कमी आहेत हे त्याचं कारण चालत नाही. ‘एसओएस’ म्हणजे गरज पडली तरच द्यायचं इंजेक्शन कोणाच्या सांगण्यावरून देतात आणि कुठे लिहितात, तेही विचारून घ्या.

रक्ततपासणीत घर फार मागे नाही. क्लोझापिन सुरू केल्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटत नाहीत ना, हे बघायला पहिले काही महिने दर आठवड्याला त्या मोजायच्या असतात, पुढे अंतर वाढतं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, १५०० च्या खाली गेल्या तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळायला हवं. आपल्याकडे पंचाईत वेगळीच. जुलैत ताप आला की ‘पावसाचा ताप’ नाहीतर लेप्टोस्पायरोसिस, एवढंच डोक्यात येतं. क्लोझापिनवाल्याला ताप आणि घसादुखी असली तर आधी पेशी मोजायच्या.

पुरवठ्यात मात्र घर हरतं. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं आणि आमचं औषध तिथूनच यायचं. चार दिवस गोळ्या नव्हत्या. ४८ तासांहून जास्त खंड पडला की जुना डोस एकदम देता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून हळूहळू चढवत न्यावा लागतो. हे डॉक्टरांना फोन लागला म्हणून कळलं, नाहीतर आईने सरळ जुना डोस दिला असता.

तुमचा माणूस लिथियमवर, म्हणजे मनःस्थितीच्या चढउतारावरच्या औषधावर, असेल तर हिशोब बदलतो. रक्तातली पातळी शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी बघायची, आणि मूत्रपिंड व थायरॉइडही अधूनमधून. मे महिन्याचा घाम, जुलाब, अचानक मीठ तोडणं, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, या सगळ्यांनी पातळी वर जाते. हात जोरात थरथरणं, उलट्या, झोकांड्या दिसल्या तर थांबू नका. हे सगळं सावध घरातही जमतं, त्यासाठी केंद्राची गरज नाही. आणि अडचण फक्त गोळ्या लपवण्याची असेल तर आधी दोन ते चार आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. कदाचित ही तुलनाच करावी लागणार नाही. क्लोझापिनला असं लांब टिकणारं इंजेक्शन नाही, म्हणून आम्ही अडलो.

खर्चाचं थोडक्यात. सरकारी रुग्णालयात अत्यावश्यक यादीतली औषधं मोफत मिळणं हा हक्क आहे, तेव्हा घरी ठेवणं नक्कीच स्वस्त. आजार उसळला तर दोन्ही पर्याय बाजूला ठेवून रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय गाठायचं. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

मग दादालाच दोन्ही केंद्रं दाखवली. त्याचा एकच प्रश्न होता, ‘तिथं विडी ओढू देतात काय?’ दोन्हीकडे बंदी. पहिल्या ठिकाणी म्हणाले, सुटली तर बरंच की. दुसरीकडच्या सिस्टरने लगेच विचारलं, दिवसाला किती ओढता? विडीच्या धुराने क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जातं, विडी थांबली की आठवड्याभरात तोच डोस जास्त होतो. मिशरी लावली, तंबाखू मळली तर असं होत नाही, हा धुराचा परिणाम. ‘पंधरा-वीस,’ दादा म्हणाला. तिने ते त्याच्या कोऱ्या तक्त्यावर वरच लिहिलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

मृग लागल्यापासून गणपतीपर्यंत तो तिथे राहणार, स्वतःच्या सहीने. गणपतीला घरी. त्या दिवसांच्या गोळ्या आई रात्री जेवणानंतर समोर बसून देईल आणि अर्धा तास त्याच्याशी पत्ते खेळेल. गोळी गालात धरून मेंढीकोट खेळता येत नाही, असं तिचं म्हणणं आहे.