पायांचा पलंग घ्यावा की पेटीचा?

घर ताब्यात आलं, रंग झाला, पंखे लागले आणि आता सगळं पलंगापाशी येऊन अडलंय, अशांसाठी हे लिहिते आहे. दुकानात पाऊल टाकलं की नावांचा मारा सुरू होतो: बॉक्स बेड, हायड्रॉलिक, दिवाण, सोफा-कम-बेड, प्लॅटफॉर्म बेड. ती नावं घटकाभर बाजूला ठेवा. पलंगाच्या मुळात दोनच जाती आहेत. एक चार पायांवर उभी, खालून वारा खेळणारी. दुसरी जमिनीला टेकलेली पेटी. या दोहोंतली आपल्याला कोणती हवी, एवढं आधी ठरवा. लाकूड, माप, गादी यांचा विचार त्यानंतर.

दोन्ही घराणी फार जुनी आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर स्कारा ब्रे नावाची सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची वस्ती आहे. तिथल्या घरांत भिंतीला लागून उभ्या दगडी फरशांच्या पेट्या केलेल्या दिसतात. त्यांत गवतपाला भरायचा आणि झोपायचं. झोडपणारा वारा, बोचरी थंडी. अंगाची ऊब कोंडून धरणारी पेटी तिथे शहाणपणाचीच होती. इजिप्तच्या उष्ण हवेत लोकांनी उलटा मार्ग धरला. तिथे १९०६ साली बांधकामांवरचा मुकादम खा आणि त्याची बायको मेरित यांचं थडगं सापडलं, साधारण ३४०० वर्षांपूर्वीचं. त्यांचे पलंग आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहेत. लाकडी पाय, चौकट आणि वर दोरीचं विणकाम. पाहताक्षणी आपली बाज आठवते. तिथल्याच तूतांखामेन राजाच्या थडग्यात तर बिजागऱ्यांची घडीची खाटसुद्धा निघाली.

आपण कुठे राहतो हा प्रश्न इथे येतो. डोंबिवली, रत्नागिरी, मडगाव या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा भिंतीत, कपड्यांत, पिठाच्या डब्यात शिरतो. पलंगाखालची हवा कोंडली तर तिथेही शिरणारच. सोलापूर, नगर, विदर्भाकडे हा धाक बराच कमी. त्यामुळे नागपूरच्या मावशीचा बॉक्स बेड पंधरा वर्षं ठणठणीत आहे, म्हणून पनवेलच्या तळमजल्यावर तसाच घेऊ नका.

आमच्याकडे तेच झालं. पहिला बेड घेतला तो पेटीचा, जागा वाचते म्हणून. आत आईच्या लुगड्यांच्या तीन गोधड्या ठेवल्या. गणपतीच्या आधी पाहुण्यांसाठी काढायला झाकण उचललं तर कुबट वासाचा भपकारा आला. सर्वांत खालच्या गोधडीवर पांढरी बुरशी, आणि तळाच्या फळीची कड फुगून पापुद्रे सुटलेले. ती फळी भुसा दाबून केलेली होती, प्लायवूड नव्हतीच. विकणाऱ्याने ते सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. गोधडीचे डाग दोन उन्हं दाखवूनही गेले नाहीत.

म्हणून पेटीचा बेड घेणार असाल तर आधी आतली फळी कशाची आहे ते विचारा, वरच्या लॅमिनेटचा रंग नंतर बघा. भुशाची फळी आणि एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी) दोन्ही पाणी लागलं की फुगतात, आणि एकदा उघडून पुन्हा जोडलेल्या भुशाच्या फळीत स्क्रू नीट पकड घेत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण दर दोन-तीन वर्षांनी बेड खोलावा लागतो. प्लायवूडवर आयएस ३०३ किंवा आयएस ७१० असा भारतीय मानकाचा शिक्का असतो. ७१० म्हणजे मरीन प्लाय, ओलाव्याला अधिक टिकणारा. ३०३ मध्ये दोन प्रती येतात. त्यातली बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारी) घ्या, एमआर (नुसता दमटपणा सोसणारी) नको. तळाला आणि बाजूंना हवेसाठी भोकं पाडून घ्या, आणि बाहेरच्या भिंतीपासून बेड दोन-तीन इंच सुटा ठेवा. झाकण गॅसच्या दांड्यांवर वर जाणारं असेल तर गादी न काढता उघडता येतं. ज्याला हायड्रॉलिक म्हणतात ते हेच. पण जड गादीसकट ते उचलायला जोर लागतो, तेव्हा घरात जी व्यक्ती रोज ते उघडणार तिनेच दुकानात उघडून पाहावं. खणांचा बेड असेल तर खण बाहेर यायला बाजूला दोन फूट मोकळे हवेत.

एवढं करूनही मी म्हणेन, मुंबईतल्या वन बीएचकेत पेटीचा बेड नाकारणं सोपं नाही. चार माणसांची अंथरुणं, सुटकेसा, दिवाळीचे आकाशकंदील हे सगळं जाणार कुठे? चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत लोखंडी कॉटच्या पायांखाली विटा देऊन ती उंच करायचे, खाली ट्रंका सरकवायचे, आणि रात्री ट्रंका ओढून तिथेच कुणीतरी पथारी टाकायचं. कॉट पायांची असून तिच्याकडून पेटीचं काम करून घेतलं जायचं, आणि वाराही खेळायचा. आजही उंच पायांचा पलंग आणि खाली चाकांचे झाकणाचे डबे हा मधला मार्ग मला सर्वांत पटतो. सामान पेटीइतकं मावत नाही, पण झाडू फिरतो, आणि ओल आली तर डोळ्यांना दिसते.

आता पायांच्या घराण्याकडे. त्यात सर्वांत हलकी बाज. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दिल्लीला आला, तेव्हा त्याला इथल्या खाटांचं कौतुक वाटलं. चार निमुळते पाय, चार आडवी लाकडं, वर रेशमाचं किंवा सुताचं विणकाम. एकटा माणूस उचलून नेतो, आणि मुळातच लवचिक असल्याने वर आणखी काही मऊ घालावं लागत नाही, असं त्याने नोंदवलं आहे. इंग्रजीतला कॉट हा शब्द आपल्या खाटेवरूनच गेला आणि लोखंडाचा होऊन परत आला.

बाळंतिणीची बाज तर मराठी घराला सांगायला नको. अंगाला तेल लागलं, न्हाणं झालं की बाजेवर निजवायचं आणि खाली शेगडीत ओवा, शेपा टाकून धुरी द्यायची. शेक विणीतून थेट पाठीला लागायचा. फळीच्या पलंगावर हे जमलंच नसतं. धुराचा त्रास बाळाच्या छातीला होतो, त्यामुळे आता धुरी देऊ नये हेच बरं. पण खालून वर हवा जाणारं अंथरूण काय सुख देतं, ते मे महिन्यात अंगणात सुंभाच्या बाजेवर झोपलेल्या माणसाला विचारा. बाजेचा दोष एकच: दोरी सैल पडते. ती पायथ्याकडून ताणून आवळावी लागते. माझी आजी एक पाय चौकटीला टेकवून, दोरीचा पीळ मुठीभोवती गुंडाळून ओढायची, आणि सगळी वीण एकदम ताठ व्हायची. घरात हे करणारं कुणी नसेल तर सुंभाऐवजी नवारीची खाट घ्या. सुती नवार अंगाला बोचत नाही आणि सोडवून धुता येते. रोजच्या झोपेसाठी मात्र, विशेषतः पाठ दुखणाऱ्यांनी, झोळ पडलेल्या बाजेवर विसंबू नये. गच्ची, गाव, पाहुणे यांना ती उत्तम.

लोखंडी खाटेची कथा ढेकणांपासून सुरू होते. अंथरुणातल्या किड्यांशी माणसाचं भांडण तर त्याहून कितीतरी पुरातन. दक्षिण आफ्रिकेतल्या सिबुडू गुहेत ७७ हजार वर्षांपूर्वीची गवताची अंथरुणं सापडली. त्यांवर कीटकांना मारक अशा झाडाची पानं पसरलेली होती. लाकडाचे सांधे आणि दोरीची वीण म्हणजे ढेकणांचं माहेर. म्हणून एकोणिसाव्या शतकात लोखंडी खाटा आल्या, आणि इस्पितळांनी त्या उचलून धरल्या. तो गुण आजही खरा आहे. जिथे माणसं बदलत राहतात, वसतिगृह, पेइंग गेस्टची खोली, तिथे पावडर कोटिंगची लोखंडी खाटच घ्या. समुद्राकाठी जोडांवर गंज धरतो, तो दरवर्षी पावसाळ्यानंतर पाहायचा. जाळीची घेऊ नका, मध्ये खड्डा पडतो. पट्ट्यांची किंवा वर प्लाय टाकलेली घ्या. कुरकुर वाजत असेल तर नट आवळून पाहा, बहुतेक वेळा तेवढ्याने थांबते.

सागवानी पलंग महाग, जड, आणि माझ्या मते पैसे साठवून घ्यावा असा. आलापल्ली, बल्लारशाकडचा साग नावाजलेला आहे. त्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे वाळवी सहजी लागत नाही आणि ओलाव्यात तो फारसा हलत नाही. जुना वाडा पाडताना निघालेला साग मिळाला तर सोडू नका, कारण तो वर्षानुवर्षं वाळलेला असतो. फक्त खिळ्यांची जुनी भोकं आणि कीड तपासून घ्या. सांधे पाहा. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून बोल्टने आवळलेली असेल तर पलंग कितीदाही खोलता-जोडता येतो. नुसत्या स्क्रूवर उभा असलेला सागवानी पलंग म्हणजे चांगलं लाकूड वाया घालवणं. गोव्यात, कोकणात राहणाऱ्यांनी चार कोपऱ्यांना खांब असलेला करून घ्यावा. मच्छरदाणीला भिंतीत खिळे ठोकायला नकोत.

घरात साठीपुढचं माणूस असेल तर माझा कौल निःसंशय पायांच्या पलंगाला. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हे लक्षात आलं. बसल्या जागेवरून उठताना माणूस पावलं आधी मागे घेतो, टाचा गुडघ्यांच्या मागे जातात, मग अंगाचा भार पुढे येतो. पेटीच्या बेडवर त्यांच्या टाचा फळीला आपटायच्या. पावलं मागे जाईनात, मग हातावर सगळा भार, आणि दर वेळी कुणीतरी धरायला हवं. शेवटी दिवाणखान्यातली जुनी पायांची खाट त्यांच्या खोलीत आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटे उठून खिडकीशी उभे होते. गादीसकट उंची अठरा ते वीस इंच, म्हणजे बसल्यावर पावलं जमिनीवर पूर्ण टेकतील इतकी, हवी. हल्लीचे बुटके प्लॅटफॉर्म बेड फोटोत देखणे दिसतात, पण गुडघ्यांना ते झेपत नाहीत.

उशाकडची फळी सरळसोट आणि बुटकी नको. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरला विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात, चोवीस तास दर्शन चालतं, आणि उभ्या देवाच्या पाठीशी मऊ लोड देतात, रुक्मिणीमातेला तक्क्या. टेकल्या पाठीला काय लागतं, हे या लोडात आहे. औषध घेणारं, रात्री खोकणारं माणूस पलंगावर झोपतं तितकंच बसतंही. एक लोड वेगळा करून घ्याच.

मापांत फसगत फार होते. आपल्याकडे सिंगल तीन फूट रुंद, डबल चार, क्वीन पाच, किंग सहा. लांबी सहा, सव्वासहा किंवा साडेसहा फूट. तुमची उंची पावणेसहा फुटांच्या वर असेल तर सहा फुटी नकोच. परदेशातून चादरी आणणाऱ्यांनी जपून राहावं: ब्रिटनमधला किंग पाच बाय साडेसहा फूट, म्हणजे आपला क्वीन. अमेरिकेतला किंग ७६ बाय ८० इंच, आपल्यापेक्षा मोठा. मोठ्या पलंगाची हौस जुनीच आहे. इंग्लंडमधल्या वेअर गावच्या खाणावळीत १५९० च्या सुमारास केलेला पलंग तीन मीटरहून रुंद होता, आता तो लंडनच्या संग्रहालयात आहे. आपली खोली मात्र दहा बाय दहाची. त्यात किंग ठेवला तर दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन फूट राहतात, आणि पायथ्याशी दोन फूट खोल कपाट असेल तर मधली वाट दीड फुटाच्या आसपास. बिजागरीचं दार तिथे पूर्ण उघडत नाही. अशा खोलीत क्वीन घ्या. आई-वडिलांसाठी तीन-तीन फुटांचे दोन सिंगल जोडून ठेवले तर एकाने कूस बदलली तरी दुसऱ्याची झोप मोडत नाही, आणि आजारपणात एक खाट वेगळी करता येते.

गादीचं थोडक्यात. कापसाची गादी पायांच्या, पट्ट्यांच्या पलंगावर चांगली, कारण घाम खालून सुकतो. सलग फळीच्या पेटीवर ती दमट राहते, तिला आठवड्याला ऊन हवंच. फोमची गादी पट्ट्यांवर टाकायची तर दोन पट्ट्यांत तीन इंचांहून जास्त फट नको. पाठदुखीला टणक फळीच चांगली, हा समज सोडून द्या: २००३ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना टणक गादीपेक्षा मध्यम टणक गादीने जास्त आराम मिळाला होता.

आणि पैसे देण्याआधी घरी हे करा. वर्तमानपत्रं चिकटवून पलंगाच्या बाहेरच्या मापाचा कागद तयार करा. गादीचं माप नको, चौकटीसकट. तो खोलीत अंथरा. कपाटाची दारं उघडा, खिडकीचा पडदा ओढा, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला रात्री दिवा न लावता बाथरूमपर्यंत जायला सांगा. त्यांचा पाय कागदावर कुठे पडतो ते पाहा, तिथे खडूने खूण करा आणि तो कागद घडी घालून दुकानात सोबत न्या.