मुलांची टूथपेस्ट: बावीस महिने, दोन भरलेल्या दाढा आणि नळीचं तोंड

फेब्रुवारीत लेकीच्या खालच्या दोन दाढा भरून घ्याव्या लागल्या. ३,२०० रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे खुर्चीत बसल्यावर तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता, तो मला अजून आठवतो. तिला सहावं लागायचं होतं, आणि आम्ही रोज दोनदा ब्रश करत होतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

त्याआधी चौदा महिने आमच्याकडे स्ट्रॉबेरीची गुलाबी जेल होती. खोक्यावर ठळक लिहिलेलं, फ्लोराइड नाही, गिळली तरी चालते. ती घेण्यामागे माझं कारण पक्कं होतं. सासरचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. तिथे बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने पिवळे-तपकिरी डाग पडलेले दात मी स्वतः पाहिले आहेत, अगदी शाळकरी पोरांचे. फ्लोराइड म्हणजे विष, हे डोक्यात तिथेच बसलं. शिवाय लेक स्वतःहून ब्रश मागायची. तेव्हा लिहिलं असतं तर मी पाचपैकी पाच तारे दिले असते.

कोथरूडच्या आमच्या दंतवैद्य बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. टँकर, बोअर की महापालिकेचं? आम्ही खडकवासल्याचं पाणी पितो. मग त्यांनी समजावलं की गावाकडचे डाग पाण्याचे आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चांगलं धरतात, दुसरी सोय नसेल तर फार तर १.५. त्याहून जास्त असलेलं पाणी दात घडण्याच्या वयात रोज पोटात गेलं की डाग पडतात. पेस्टचं फ्लोराइड दाताला वरून लागतं आणि थुंकून टाकायचं असतं. आम्ल लागून झिजायला लागलेलं कवच त्याने पुन्हा घट्ट होतं. कीड आमच्या जेलमुळे लागली नाही, पण ती थांबवायलाही जेलचा काही उपयोग नव्हता, असं त्या म्हणाल्या. मला ते फार लागलं.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, दुधाचेच दात, पडणारच आहेत." पण पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात, दुधाच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत टिकतात. तोवर चावायचं त्यांनीच, आणि खालच्या पक्क्या दातांची जागाही त्याच राखतात.

आता नळीच्या तोंडाबद्दल, कारण माझा खरा राग तिथे आहे. त्या जेलच्या नळीचं भोक इतकं मोठं होतं की शाळेची पेन्सिल सहज आत जायची. हलकं दाबलं तरी अर्धा ब्रश भरायचा. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला मटारच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, म्हणजे साधारण पाव ग्रॅम. दिवसाला दोनदा धरलं तर ८० ग्रॅमची नळी पाच महिने जायला हवी. आमची पाच आठवड्यांत संपायची. ११० रुपयांची एक, अशा बारा नळ्या! मी कंपनीला ईमेल केला, की लहान मुलांच्या नळीला एवढं तोंड कशासाठी? तीन दिवसांनी अभिप्रायाबद्दल आभार आले आणि त्याच नळीवर ५० रुपयांची सूट देणारं कूपन आलं. भोकाबद्दल एक अक्षर नाही. ते कूपन मी वापरलं नाही.

बाईंनी सुचवली ती साधी, सौम्य पुदिन्याची, घरात सगळेच वापरतात तशी पेस्ट, दात पांढरे करणारी वगैरे नको म्हणाल्या. आपल्याकडे नियमाने टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा, म्हणजे ग्रॅमला १ मिलिग्रॅमपेक्षा, जास्त चालत नाही आणि आकडा नळीवर छापावा लागतो. मुलांनाही तेवढंच चालतं, फक्त प्रमाण सांभाळायचं. म्हणजे मुलांच्या वेगळ्या नळीचे जास्तीचे पैसे आपण चव आणि चित्र यांसाठी मोजतो. ही १०० ग्रॅमची ६० रुपयांना मिळते. धाकटा अडीच वर्षांचा, त्याला तांदळाच्या दाण्याएवढी. दोघांत मिळून नळी साडेचार महिने जाते. तोंड बारीक आहे, दाणा नीट काढता येतो.

पहिले पंधरा दिवस मात्र कठीण गेले. "आई, तिखट आहे!" म्हणून रोज रात्री रडारड. मी दोनदा स्ट्रॉबेरीकडे वळायला निघाले होते. मग आठवडाभर दोघांनाही तांदळाएवढीच दिली, आणि जीभ सोडून दाढांपासून सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात तक्रार थांबली. तेव्हापासून फळांच्या चवीबद्दल माझं मत थोडं मऊ झालं आहे. शेजारच्या मुलाला पुदिना अजिबात चालत नाही. त्याच्यासाठी त्यांनी फळाच्या चवीची, पण १००० पीपीएमची शोधून आणली. ते योग्यच केलं.

घरात सर्वांत मोठा वाद झाला तो चूळ भरण्यावरून. ब्रश झाल्यावर फक्त थुंकायचं, खळखळून चूळ भरली की फ्लोराइड धुऊन जातं. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. रात्रीचा ब्रश मी स्वतः करून देते, कारण झोपेत लाळ कमी होते आणि सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा हात दाढांच्या मागे नीट पोचत नाही. नळी वरच्या फळीवर असते. चुकून दाणाभर गिळलं तर काही होत नाही, पण अख्खी नळी लहानग्याच्या हाती लागता कामा नये.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा तपासणी झाली, नवी कीड नाही. दुसरी नळी संपत आली आहे. परवा तिसरी आणताना आधी पीपीएमचा आकडा वाचला, मग टोपण फिरवून सीलवर पेन्सिल टेकवून पाहिली. भोक पेन्सिलीपेक्षा बारीक होतं, तेव्हा घेतली.